कळलावी, धोतरा आणि आत्याची अबोली

या सगळ्याची सुरुवात बाबांच्या पायाच्या अंगठ्यापासून झाली. मे महिन्यात एका रात्री तो असा काही सुजला की त्यांना चादरीचा स्पर्शही सहन होईना. गाऊट! आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात, पण आमच्या घरात "युरिक अ‍ॅसिड वाढलंय" एवढंच म्हणतात. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं (कोळंबी बंद, म्हणजे अलिबागकडच्या माणसाला जवळपास जन्मठेपच) आणि बारीकशा गोळ्या लिहून दिल्या. कोल्चिसिन. "सांगितली त्यापेक्षा एकही जास्त घ्यायची नाही" हे त्यांनी तीनदा बजावलं.

मी पडलो आयटीवाला. दिवसभर दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये "हे इथे का आहे" शोधत बसायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा. त्यामुळे गोळ्यांच्या पट्टीवर एखादं विचित्र नाव दिसलं की ते कुठून आलं हे बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. बघितलं. आणि रात्री दीड वाजता कळलं की हे औषध ज्या वनस्पतींत मिळतं त्यातली एक आमच्या नागावच्या वाडीच्या कुंपणावर दर पावसाळ्यात आपोआप उगवते. कळलावी.

कळलावी बघितली नाही असा कोकणी माणूस विरळा. लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या, कडा नागमोडी असलेल्या, मागे उलटलेल्या पाकळ्या. पानांच्या टोकांना गुंडाळलेले तंतू, ते धरून वेल कुंपणावर चढते. इतकं देखणं फूल, पण आमच्या आजीने ते घरात कधी येऊ दिलं नाही. आणलं की घरात भांडणं लागतात म्हणे. कळ लावते ती कळलावी! दुसरी व्युत्पत्ती मला बऱ्याच उशिरा कळली. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून याचा कंद वापरत, म्हणून कळलावी. मुलांसमोर बोलायचा अर्थ पहिला, बायकांनी आपापसात बोलायचा दुसरा. कंद भयंकर विषारी असतो, तेव्हा या उपायाने किती जणींचा जीव गेला असेल याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

गणपतीनंतरच्या शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडून मांडव्याला उतरलो आणि नागावला गेलो. मुद्दाम कळलावी बघायला, असं बाबांना सांगितलं. आत्याला सांगितलं, तुला भेटायला. दोन्ही खरं होतं.

आत्या वाडीत एकटी राहते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा अर्ध्याहून जास्त पोफळी आणि अकरा नारळ एका दुपारीत गेले. पोफळ परत लावली तरी सुपारी हातात यायला वर्षं जातात. तोवर काय करायचं? सावली गेली, ऊन आलं, म्हणून आत्याने त्या मोकळ्या जागेत अबोली लावली. नर्सरीतून आणलेली, "दिल्ली" नावाने विकली जाते ती. मोठं, केशरी-गुलाबी फूल, वजनाला चांगलं. पर्यटकांच्या गाड्या येतात, गजरे खपतात. फार नाही, पण गॅस आणि विजेचं बिल निघायचं. तिच्याच शब्दांत, "कुणाच्या तोंडाकडे बघायला लागत नाही."

मी गेलो तेव्हा अबोलीचे वाफे मलूल होऊन उभे होते. एखाद-दुसरं झाड नव्हे, सगळीच्या सगळी. पानं पिवळी, मुळं उपटून बघितली तर गाठाळलेली. मर रोग आणि सूत्रकृमी, असं कृषी सहायकाने सांगितलं होतं. अबोलीला हे दोन्ही नेहमीचेच.

"परत लावू," मी आपलं बोलायचं म्हणून बोललो.

"कशाने? हिला बी धरतच नाही," आत्या म्हणाली. "फांद्या तोडून लावायच्या, तर फांद्या पण ह्याच. तू इंजिनियर ना? सांग बरं, बी का नाही धरत?"

कॉम्प्युटर इंजिनियरला हे विचारणं म्हणजे वायरमनला अपेंडिक्सबद्दल विचारण्यासारखं आहे. पण आत्याला "माहीत नाही" म्हणायची सोय नाही. पुढचे चार-पाच वीकेंड मी हेच वाचत बसलो. आणि गंमत अशी की बाबांची गोळी, कुंपणावरची कळलावी आणि आत्याची बिनबियांची अबोली ही एकाच गोष्टीची तीन टोकं निघाली.

तर मंडळी, गोष्ट अशी आहे.

कोल्चिसिन हे नाव युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या फुलावरून आलंय. केशराच्या फुलासारखं दिसणारं, शरद ऋतूत फुलणारं, आणि आपल्या कळलावीचं दूरचं चुलत भावंड. सांधेदुखीवर त्याचा कंद तिकडे शेकडो वर्षं वापरात होता. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या जोडीने त्यातून हा पदार्थ वेगळा काढला (क्विनीन वेगळं काढलं तेही याच दोघांनी आणि त्याच वर्षी, काय वर्ष असेल!). कळलावीत तोच पदार्थ आहे हे १९१५ साली दाखवलं गेलं. आज तामिळनाडूत कळलावी मांडवावर चढवून शेतात घेतात, बियांसाठी. तिथलं ते राज्यपुष्पही आहे. आपण घरात घेत नाही आणि ते राज्याचं फूल करतात. असो.

पण हे औषध पेशीत नेमकं काय करतं, हे १९ व्या शतकाच्या शेवटापर्यंत कुणी बघितलं नव्हतं. १८८९ मध्ये सिसिलीतल्या पेर्निचे नावाच्या डॉक्टरने कोल्चिसिन दिलेल्या कुत्र्यांच्या पेशींत विभाजन अर्ध्यावर अडकल्याचं नोंदवलं. ते कुणी वाचलं नाही. पंचेचाळीस वर्षांनी, १९३४ च्या सुमारास, ब्रसेल्सच्या द्यूस्तँ यांच्या प्रयोगशाळेत तेच पुन्हा नव्याने सापडलं. आमच्या धंद्यातही हेच चालतं. कुणीतरी आधीच शोधून लिहून ठेवलेलं असतं, फक्त ती फाईल कुणी उघडत नाही.

आता ते "अडकणं" म्हणजे काय ते माझ्या पद्धतीने सांगतो. पेशी दुभंगायच्या आधी आपल्या गुणसूत्रांची पूर्ण कॉपी करते. मग बारीक दोऱ्यांचं एक जाळं तयार होतं, ते एक प्रत एकीकडे आणि दुसरी प्रत दुसरीकडे ओढतं, आणि मधे भिंत पडते. हे दोरे ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून बनतात. कोल्चिसिन त्या विटांना चिकटतं आणि दोरा वळूच देत नाही. म्हणजे कॉपी झाली, पण हलवायची वेळ आली आणि नेटवर्क गेलं! दोन्ही प्रती त्याच फोल्डरमध्ये. पेशी थोडा वेळ वाट बघते आणि मग सगळं एकाच केंद्रकात गुंडाळून मोकळी होते. गुणसूत्रं दुप्पट. नंतर औषध धुऊन टाकलं तर ती पेशी व्यवस्थित विभागत राहते, पण दुप्पट गुणसूत्रांनिशी, कायमची.

बाबांच्या अंगठ्यातही ट्यूब्युलिनचाच मामला आहे. युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साठतात, पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात आणि आग लावतात. धावायला त्यांनाही हेच दोरे लागतात. कोल्चिसिनने पाय बांधले की धाव थांबते. जास्त झालं तर आतड्यातल्या, मज्जेतल्या विभागणाऱ्या पेशींचंही तेच होतं, म्हणून डॉक्टरांनी तीनदा बजावलं.

मग मला प्रश्न पडला की कळलावीचं स्वतःचं काय? अंगात एवढं विष घेऊन ती वाढते कशी? याच्या चुलत भावंडाबाबत, म्हणजे कोल्चिकमबाबत, आल्बर्ट लेव्हान या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात दाखवून दिलं होतं की त्याच्या पेशींवर कोल्चिसिनचा असा परिणाम होत नाही. ज्याचं विष त्याला बाधत नाही. याच लेव्हानने पुढे १९५५ मध्ये ज्यो हिन त्जिओ यांच्याबरोबर माणसाची गुणसूत्रं ४६ असतात हे मोजलं. तोवर सगळे ४८ म्हणत होते. त्या मोजणीसाठीही पेशी योग्य क्षणी थांबवायला कोल्चिसिनच वापरलं होतं.

आता धोतरा. आत्याच्या कुंपणात कळलावीपासून चार हातांवर धोतरा आहे. गणपतीच्या पत्रीत त्याचं पान लागतं म्हणून कुणी तो उपटत नाही. विषारी तोही. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात धोतऱ्यावर प्रकरण आहे. चोर धोतरा खायला घालून माणसाला भ्रमिष्ट करतात आणि घर धुऊन नेतात, असं त्यात येतं. आमच्या चौलला त्या काळी पोर्तुगीजच होते, तेव्हा इथेही हे उद्योग चालत असणारच.

या धोतऱ्याचा एक जातभाई अमेरिकेत आल्बर्ट ब्लेकस्ली नावाच्या माणसाने जवळजवळ चाळीस वर्षं सांभाळला. न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे तो काम करायचा. धोतऱ्याची गुणसूत्रं बाराच्या दोन संचांत, एकूण २४. १९१५ मध्ये त्याच्या शेतात एक विचित्र रोप आलं. त्याचं काटेरी बोंड नेहमीसारखं लांबट नसून गोल होतं. पुढे तशी आणखी विचित्र रोपं निघाली. कुणाचं बोंड लहान, कुणाचे काटे वेगळे. जॉन बेलिंग या सहकाऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं तेव्हा कळलं की या रोपांत गुणसूत्रं २५ आहेत, एक जास्तीचं. आणि कुठलं जास्तीचं आहे यावर बोंडाचा आकार ठरतो. बारा गुणसूत्रं, बारा तऱ्हेची बोंडं, आणि प्रत्येकाला ब्लेकस्लीने नाव ठेवलेलं! मला हे वाचताना टाळी वाजवावीशी वाटली. जीन म्हणजे काय हे रसायन म्हणून कुणाला माहीत नव्हतं, डीएनएची रचना कळायला तीस-पस्तीस वर्षं होती, आणि हा माणूस धोतऱ्याची बोंडं एका ओळीत मांडून सांगत होता की बघा, हा या तुकड्याचा परिणाम आणि हा त्या तुकड्याचा. त्याच शेतात १९२२ मध्ये फक्त १२ गुणसूत्रांचं, म्हणजे अर्ध्या संचाचं रोपही सापडलं.

पण ही सगळी निसर्गाची चूक होती, कधी होईल सांगता येत नाही. ब्लेकस्लीला ती हुकमी हवी होती. उष्णता दे, थंडी दे, क्ष-किरण दे, असं बरंच करून झालं. १९३७ मध्ये त्याने आणि एमॉस एव्हरीने बिया कोल्चिसिनच्या पाण्यात भिजवल्या आणि रोपं उगवली ती दुप्पट संचाची. पानं जाड, फुलं मोठी. ब्लेकस्ली तेव्हा साठी ओलांडलेला होता. (आमच्याकडे पस्तिशीनंतर कोड लिहिणाऱ्याकडे संशयाने बघतात.) त्याच सुमारास अमेरिकेतच आइग्स्टी आणि नेबेल-रटल ही मंडळीही याच वाटेवर होती, म्हणजे शोधाची वेळच आली होती.

यानंतर जे झालं त्याला लाट म्हणतात. वर्तमानपत्रांत "जादूचं औषध", घरच्या बागेत प्रयोग करणारे हौशी लोक, बियाणं कंपन्यांची धावपळ. डेव्हिड बर्पीच्या कंपनीने चाळीसच्या दशकात दुप्पट संचाचा झेंडू "टेट्रा" म्हणून बाजारात आणला. गहू, भात, ज्वारी सगळं आता दुप्पट होणार असं लोकांना वाटलं. झालं नाही. दुप्पट संचाची पिकं बहुधा हळू वाढायची, आणि दाणे कमी धरायची. धान्यात दाणेच नसतील तर उपयोग काय?

फुलांचं मात्र वेगळं. फुलाकडून आपल्याला दाणा नकोच असतो. जाड पाकळी हवी, गडद रंग हवा, दोन दिवस जास्त टिकायला हवं. बी धरलं नाही तर उलट बरंच, झाड फुलत राहतं. त्यामुळे शेतात आपटलेलं हे तंत्र बागेत मात्र चाललं, आणि आज फुलवाल्याकडच्या कित्येक ऑर्किड, लिली आणि डेलिली एकापेक्षा जास्त जादा संच अंगावर बाळगून असतात.

इथे एका बाईंची गोष्ट सांगायलाच हवी. जानकी अम्माल. जन्म १८९७, केरळातलं थलश्शेरी. १९३१ मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट, मग कोइमतूरला उसाच्या संकरावर काम. १९३९ मध्ये परिषदेसाठी ब्रिटनला गेल्या आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे तिकडेच अडकल्या. बाँब पडत असताना लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत गुणसूत्रं मोजत बसल्या. १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांचा लागवडीतल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा जाडजूड संदर्भग्रंथ निघाला. जगातल्या हजारो पिकांची आणि फुलांची गुणसूत्रसंख्या एका ठिकाणी. माझ्या दृष्टीने ते त्या काळातलं सगळ्यात मोठं डेटाबेस-मायग्रेशन होतं, तेही हाताने केलेलं.

नंतर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्यांना विस्लीच्या बागेत पगारी शास्त्रज्ञ म्हणून घेतलं. तिथे त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिनचा प्रयोग केला. त्यातली झाडं बागेतल्या टेकडीवर लावली. एका पांढऱ्या, मोठ्या पाकळ्यांच्या मॅग्नोलियाला त्यांचं नाव आहे. १९५१ मध्ये नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या भारतात परत आल्या, बॉटनिकल सर्व्हेची घडी पुन्हा बसवायला. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली, १९८४ मध्ये गेल्या. सहावी ते बारावी मी जीवशास्त्र शिकलो, मेंडेलचे वाटाणे दरवर्षी सोलले, पण हे नाव मला एकदाही भेटलं नाही. बाबांना गाऊट झाला नसता तर आजही भेटलं नसतं.

आता आत्याच्या प्रश्नाकडे. बी का धरत नाही?

समजा एका झाडाचे संच दुप्पट करून चार केले. त्याचा साध्या दोन संचांच्या झाडाशी संकर केला. आईकडून दोन, बापाकडून एक, पोराकडे तीन. वाढायला काही अडचण नाही. पण परागकण आणि बीजांड तयार करताना गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात, आणि तिघांच्या जोड्या लागत नाहीत. वाटणीत कुणाला दीड, कुणाला काहीच नाही, सगळा हिशोब बिघडतो आणि बी पोचट राहतं. जपानच्या हितोशी किहारांनी याच युक्तीने बिनबियांचं कलिंगड केलं. कधीकधी हा प्रकार माणसाच्या मदतीशिवायही होतो. आत्याच्या वाडीतली केळ तशीच, तीन संचांची, म्हणून केळ्यात बी नसतं. आणि "दिल्ली" अबोलीही तीन संचांची. म्हणून फूल मोठं, म्हणून फुलं सारखी येत राहतात, आणि म्हणूनच बी शून्य. वाढवायची ती फक्त फाटे लावून.

म्हणजे नर्सरीतलं प्रत्येक "दिल्ली" झाड हे एकाच झाडाची फांदी आहे. आमच्या भाषेत, एकच इमेज सगळ्या सर्व्हरवर टाकलेली. एकात जी फट ती सगळ्यांत. आत्याच्या वाफ्यात एकही झाड वाचलं नाही याचं कारण हे. वेगवेगळ्या बियांची असती तर एखादं तरी चिवट निघालं असतं.

फोनवर आत्याला हे सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तुझ्या बाबाच्या गोळीने होईल का हिचं दुप्पट? तिनाचे सहा झाले की जोड्या लागतील ना?"

मी खुर्चीत सरळ बसलो. सातवी शिकलेल्या बाईने जो प्रश्न विचारला तो बरोब्बर होता! तिनाचे सहा झाले तर निदान कागदावर तरी जोड्या लागायला हव्यात. इतिहासात हे घडलेलंही आहे. लंडनच्या क्यू उद्यानात १८९९ च्या आसपास प्रिम्युलाचा एक संकर आपोआप आला, फुलं सुंदर पण बी नाही. काही वर्षांनी एका फांदीला अचानक बी धरलं. त्या फांदीत संच आपसूक दुप्पट झाले होते. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत टी. एन. खोशू आणि एस. एन. झाडू यांनी बोगनवेलीच्या वांझ संकरांचे संच कोल्चिसिनने दुप्पट करून त्यांना पुन्हा सुपीक केलं आणि त्यातून नव्या जाती काढायची वाट मोकळी केली. अलिबागच्या रिसॉर्टच्या भिंतींवर जी बोगनवेल पेव फुटल्यासारखी दिसते, तिच्या मागेही एवढा उद्योग आहे.

पण गोळी कुटून अबोलीवर ओतायची नाही, हे आत्याला मी (डॉक्टरांच्या सुरात, तीनदा) सांगितलं. एक तर ते विष. दुसरं म्हणजे तसं जमतही नाही, आणि ते का जमत नाही हे मला पुण्यातल्या एका मैत्रिणीने समजावलं. ती टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये जरबेराची रोपं बनवते. ती म्हणाली, वाढत्या कोंबात शेकडो पेशी असतात आणि सगळ्या एकाच वेळी विभागत नसतात. औषध लावलं की काही दुप्पट होतात, काही तशाच राहतात. झाड होतं गोधडीसारखं, ठिगळाठिगळांचं. आणि साध्या पेशी जास्त भरभर वाढतात, त्यामुळे सहा महिन्यांत दुप्पटवाल्या मागे पडतात आणि सगळं पहिल्यासारखं.

यावर उपाय म्हणजे बाटली. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलने सिम्बिडियम ऑर्किडच्या कोंबाचं अगदी बारीक टोक बाटलीत वाढवून त्यापासून अनेक रोपं करता येतात हे दाखवलं. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी त्या बाटलीतल्या खाद्याची पाककृती बसवली, ती आजही जगभर चालते. मग साठच्या दशकातच डोनाल्ड विम्बरने ऑर्किडचे हे बारीक गोळे बाटलीतच कोल्चिसिनमध्ये ठेवले. मोजक्या पेशी, प्रत्येकीपर्यंत औषध पोचतं, आणि नंतर तुकडे करत करत, प्रत्येक तुकडा वेगळा वाढवत, ठिगळं वेगळी करता येतात. शेवटी जे रोप पूर्ण दुप्पट आहे तेच ठेवायचं. ओळखायचं कसं? मैत्रिणीची जुनी युक्ती म्हणजे पानाच्या मागे नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सोलायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णछिद्रं बघायची. दुप्पट संचाच्या पानात ती मोठी आणि विरळ असतात. खात्री करायला मशीन आहेच. आणि हल्ली कोल्चिसिनऐवजी ओरायझॅलिन नावाचं तणनाशक जास्त वापरतात, कारण ते वनस्पतीच्या ट्यूब्युलिनला घट्ट चिकटतं आणि माणसाच्या नाही. म्हणजे कळलावीची या कामातून जवळपास निवृत्तीच झाली म्हणायची.

बाटलीच्या गोष्टीत धोतरा पुन्हा येतो, आणि सोबत नारळही. १९४१ मध्ये वान ओव्हरबीक, कॉन्क्लिन आणि ब्लेकस्ली यांना धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण बाटलीत वाढवायचे होते. ते मरून जायचे. कशानेच जगेनात, तेव्हा त्यांनी नारळाचं पाणी घालून बघितलं, आणि भ्रूण वाढायला लागले. नारळ स्वतःच्या भ्रूणासाठी जे साठवून ठेवतो ते धोतऱ्याच्या भ्रूणालाही चालतं! पुढे त्यात पेशी विभागायला लावणारी द्रव्यं सापडली. ऑर्किडच्या बाटल्यांत आजही नारळपाणी घालतात. तेवीस वर्षांनी, १९६४ मध्ये, दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या फुलातले परागकोश बाटलीत ठेवले होते. काम वेगळंच चाललं होतं, पण त्या परागकोशांतून इवलाले भ्रूण बाहेर आले. परागकणांपासून, म्हणजे एकाच संचाचे. जगात पहिल्यांदा. ब्लेकस्लीला शेतात नशिबाने सापडलेलं अर्ध्या संचाचं रोप आता हवं तेव्हा बनवता येऊ लागलं. ते कोल्चिसिनने दुप्पट केलं की एका झटक्यात शुद्ध वाण, नाहीतर त्याला सात-आठ पिढ्या लागतात. चीनपासून युरोपपर्यंत भात, गहू, मोहरीत हे तंत्र गेलं. 

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पुण्याच्या एनसीएलचं नाव घ्यावं लागेल. तिथे मस्कारेन्हस यांच्या गटाने साग बाटलीत वाढवला. आणि १९९० मध्ये रजनी नाडगौडा, परासरामी आणि मस्कारेन्हस यांनी बांबूला बाटलीत फुलं आणली. जो बांबू आयुष्यात एकदाच, कित्येक दशकांनी फुलतो तो काही महिन्यांत! ते 'नेचर'मध्ये छापून आलं. त्यात गुणसूत्रांची उलथापालथ नव्हती, पण पुण्यात बाटलीबंद रोपांचा जो धंदा आज उभा आहे, त्याला माणसं आणि आत्मविश्वास कुठून मिळाला हे समजायला ते पुरेसं आहे.

तर अबोलीच्या तिनाचे सहा करता येतील का? लॅब, दोन-तीन वर्षं आणि पैसे असतील तर प्रयत्न करता येईल. आत्याकडे यातलं काही नाही. तिला दिवाळीनंतरच्या सीझनपर्यंत गजऱ्याला फुलं हवी होती.

मैत्रिणीनेच विचारलं, "अरे, पण गावठी अबोली असेल ना कुणाकडे तरी? बी धरणारी?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार वीकेंड मी कोल्ड स्प्रिंग हार्बर, विस्ली आणि लखनौ करत होतो आणि शेजारच्या आळीत डोकावलो नव्हतो. पुढच्या शनिवारी आत्याला घेऊन निघालो. अक्षीला दोन घरी विचारलं, त्यांच्याकडेही "दिल्ली"च. चौलच्या एका जुन्या घराच्या तुळशीमागे मात्र ती सापडली. फिकट केशरी, लहान फुलं, आणि फुलं गळून गेलेल्या कणसांत वाळलेल्या, भुऱ्या, टोकदार शेंगा. त्या घरच्या आजी म्हणाल्या, "हिला कोण विचारतं आता? न्या हव्या तेवढ्या." आत्याने पदराच्या टोकात मूठभर बांधून घेतल्या. सूत्रकृमी असलेल्या वाफ्यात लगेच लावायची नाही, आधी तिथे झेंडू घ्यायचा, त्याच्या मुळांनी त्या कमी होतात, हे मी तिला सांगायला गेलो तर ते तिला आधीच माहीत होतं.

रात्री ओट्यावर बसलो होतो. आत्याने ताटलीत थोडं पाणी घेतलं, त्यात दोन शेंगा टाकल्या आणि माझ्याकडे बघत राहिली. "लहानपणी हाच खेळ होता आमचा. तुझा बाबा आणि मी."

पाच-दहा सेकंद काहीच नाही. मग फट्! शेंग फुटून एक बी माझ्या चष्म्यावर आपटलं, एक कुठेतरी अंधारात गेलं. पाठोपाठ दुसरी. आत्या मोबाईलचा टॉर्च लावून ओट्यावर वाकली आणि मोजायला लागली. एका शेंगेत चार असतात, म्हणजे आठ. सहा सापडल्या.

"उरलेल्या दोन पावसात कळतील कुठे पडल्या ते," ती म्हणाली, आणि सहा बिया जुन्या काडेपेटीत ठेवून दिल्या.